ऑटोक्रॉसचा पहिला हंगाम : टायर आणि वर्ग

आपण ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोकळ्या जागेत शंकू मांडून आखलेल्या मार्गावर एकेका गाडीने वेळ नोंदवण्याच्या खेळात, उतरत आहात, याचा मनापासून आनंद वाटला. नवे टायर घ्यावेत का आणि कोणत्या वर्गात उतरावे, हे आपण विचारले आहे. अमेरिकेतील एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या ‘सोलो’ नावाच्या ऑटोक्रॉस स्पर्धांपुरते सांगायचे, तर सध्या नवे टायर घेऊ नका. गाडीचे टायर गुळगुळीत किंवा तडकलेले नसतील, तर पहिल्या हंगामाला तेच पुरेत. अतिशय चिकट टायर चालकाच्या चुका झाकतात, तर साधा टायर वळणात वेग जास्त झाला की कर्कश आवाज करून लगेच सावध करतो, आणि शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

हवेचा दाब मात्र पहिल्या दिवसापासून पाहा. टायरची नक्षी संपून बाजू सुरू होते, त्या कडेवर खडूची आडवी रेघ ओढा. फेरीनंतर ती बाजूवर बरीच खालपर्यंत पुसलेली दिसली तर दाब वाढवा; नक्षीच्या काठावरही शाबूत राहिली तर थोडा कमी करा.

नवोदितांसाठी स्वतंत्र वर्ग असल्यास त्यातच नाव नोंदवा. पुढे ‘स्ट्रीट’ हा फारसे बदल न केलेल्या गाड्यांचा गट सोयीचा ठरतो. त्यात टायरचा ट्रेडवेअर आकडा (टायर किती हळू झिजतो हे दाखवणारा, टायरच्या बाजूवर छापलेला आकडा) किमान 200 असावा लागतो.

हमखास होणाऱ्या चुका अशा :

- नियमपुस्तिका न वाचता गाडीत बदल करणे. गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगा बदलल्या, तरी ती ‘स्ट्रीट’मधून बाहेर पडते आणि कितीतरी अधिक तयारीच्या गाड्यांशी गाठ पडते.
- प्रत्येक फेरीनंतर दाब बदलत राहणे. मग वेळ चालकामुळे सुधारली की टायरमुळे, हे कळत नाही.

सस्पेन्शनचा विचार पुढच्या वर्षी करू. तूर्त अनुभवी चालकाला शेजारी बसवून फेऱ्या मारा.