माओ त्से तुंग की माओ झेडाँग?

प्रश्न असा आहे: "आमच्या शाळेच्या पुस्तकात माओ त्से तुंग होते, मुलीच्या पुस्तकात माओ झेडाँग आहेत. चौ एन लायचे झोऊ एनलाय झाले, पेकिंगचं बीजिंग झालं. जुनं चुकीचं होतं म्हणून बदललं का? मराठीत बरोबर काय?"

जुनं चुकीचं नव्हतं. माओंच्या बाबतीत तर जुनंच रूप मूळ उच्चाराच्या जास्त जवळ आहे आणि 'झेडाँग' आपण विनाकारण ओढवून घेतलं आहे. त्याचं कारण कळलं की पुढची बरीच नावं आपोआप सुटतात.

मी चिनी शिकायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या बाईंनी प्रत्येकाच्या हातात कागदाची एकेक अरुंद पट्टी दिली. ती ओठांसमोर धरायची. 'पा' म्हटलं तर पट्टी हलता कामा नये, 'फा' म्हटलं की उडाली पाहिजे. मग 'ता' आणि 'था', 'का' आणि 'खा'. आम्हा मराठी मंडळींना ते लगेच जमलं. आपण पळ-फळ, ताट-थाट, कार-खार दिवसभर वेगळे बोलत असतो. चिनी भाषेत (म्हणजे तिथल्या प्रमाण बोलीत) नेमका हाच भेद आहे: अल्पप्राण (श्वासाचा झोत नाही) आणि महाप्राण (झोतासकट). आपल्या ब, द, ग सारखी घोष व्यंजनं तिथे नाहीतच.

रोमन लिपीत महाप्राणासाठी स्वतंत्र अक्षर नाही. जुन्या ब्रिटिश पद्धतीत 'त' आणि 'थ' दोन्हींसाठी 'टी'च वापरत आणि 'थ' असेल तर वर एक स्वल्पचिन्ह देत. वर्तमानपत्रं ते चिन्ह गाळून टाकत. १९५८ साली चीन सरकारनं 'फिन-यिन' नावाची नवी रोमन लेखनपद्धती मंजूर केली. तिनं वेगळी युक्ती काढली: रिकामीच पडलेली 'बी', 'डी', 'जी' ही अक्षरं प, त, क साठी वापरायची आणि 'पी', 'टी', 'के' ही फ, थ, ख साठी. १९७९ पासून चीननं आपल्या परभाषिक प्रकाशनांत हीच पद्धत लागू केली, जगानंही ती उचलली, आणि आपल्याकडे बातम्यांतली नावं बदलली. बदललं ते रोमन स्पेलिंग. चिनी माणूस माओंचं नाव आधी जे म्हणत होता तेच आजही म्हणतो.

आता माओंच्या नावाकडे या. रोमनमध्ये आज ते 'झेड'नं सुरू होतं, पण उच्चार आहे आपल्या दंत्य च चा, 'चाक' आणि 'चूल' मधल्या. हा च हिंदीत नाही, मराठीत आहे, आणि तो असताना आपण झ लिहावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढचा स्वर जवळजवळ आपला 'अ'. नंतर 'तुंग'. म्हणजे 'त्स-तुंग' ('त्स' म्हणजे तोच दंत्य च). जुनं 'त्से तुंग' यापासून एका मात्रेइतकंच लांब आहे. 'झेडाँग'मध्ये झ चुकला, ए चुकला, ड चुकला आणि ऑ सुद्धा चुकला.

चौ एन लाय यांचंही तसंच. 'चौ' जवळजवळ बरोबर (मूळ च जीभ मागे वळवून म्हणायचा, तो आपल्याकडे नाही), 'एन' ऐवजी 'अन' हवं, 'लाय' अचूक. 'झोऊ' लिहून काहीच साधलं नाही. माओंचे विरोधक च्यांग काय शेक यांची मात्र वेगळी गोष्ट. त्यातलं 'च्यांग' हे आडनाव ठीक, पण 'काय शेक' हा दक्षिणेकडच्या कँटनी बोलीतला उच्चार. प्रमाण चिनीत ते 'च्ये-श' होतं. क्रांतिकारक नेते सन यत सेन यांचं नावही कँटनी वळणाचंच. चीनमध्ये त्यांना बहुतेक सगळे सुन चुंग-शान म्हणून ओळखतात. जपानमध्ये परागंदा असताना त्यांनी 'नाकायामा' हे तिथलं आडनाव घेतलं होतं. त्याची दोन अक्षरं, 'मधला डोंगर', चिनीत वाचली की 'चुंग-शान'. नानचिंगजवळच्या डोंगरावर ३९२ पायऱ्या चढून गेल्यावर त्यांची समाधी लागते, तिचंही नाव चुंग-शान समाधीच. १९२५ साली ते गेले, १९२९ साली तिथे त्यांचं दफन झालं.

राजधानीचं नाव खरं तर 'पेइ-चिंग', उत्तरेची राजधानी. नान-चिंग ही दक्षिणेची. पेकिंगमधला क काल्पनिक नाही: पूर्वी तिथे क होता, पुढे उत्तरेकडच्या बोलण्यात 'कि'चा 'चि' झाला, परदेशी नकाशांत मात्र जुना क राहून गेला. १९२८ ते १९४९ राष्ट्रीय सरकारची राजधानी नानचिंगला होती, तेव्हा या शहराला 'राजधानी' कसं म्हणणार? म्हणून त्याचं नाव पेइ-फिंग केलं होतं, उत्तरेची शांती. हाच 'फिंग' माओंनंतरचे नेते तंग श्याओ-फिंग यांच्या नावात आहे आणि शी चिन-फिंग यांच्याही, अक्षर तेच. फक्त तो फ 'फळ'मधला, ओठ मिटून. 'ऑफिस'मधला नव्हे.

शी यांचं नाव सुरुवातीला काही ठिकाणी 'झी' छापलं गेलं. रोमन 'एक्स' दिसला की आपल्याला झेरॉक्स आठवतं, त्यातून ते आलं असावं. आता 'शी' रुळलं, हे फार बरं झालं. पण मथळ्यांत नुसतं 'जिनपिंग' लिहितात ते खटकतं. चिनी नावात आडनाव आधी येतं: माओ, चौ, तंग, शी ही सगळी आडनावं.

'तियानमेन'मध्ये तर एक अख्खा शब्दच गळतो. मूळ तीन शब्द आहेत: थ्येन (स्वर्ग), आन (शांती), मन (दार). होय, दाराला चिनीत 'मन' म्हणतात, उच्चार आपल्या 'मन'सारखाच. थ्येन-आन-मन हे त्या वेशीचं नाव. १ ऑक्टोबर १९४९ ला माओंनी प्रजासत्ताकाची घोषणा केली ती या वेशीवरून. १९८९ चं विद्यार्थ्यांचं आंदोलन झालं ते तिच्यासमोरच्या जागेत, जिला आपण 'चौक' म्हणतो. आपल्या मनातला चौक म्हणजे चार रस्ते मिळतात तो किंवा वाड्यातला. ही जागा शंभर एकरांच्या वर आहे आणि चिनी शब्दाचा अर्थ 'विस्तीर्ण मोकळी जागा'. पटांगण म्हटलं असतं तर चित्र जास्त खरं उभं राहिलं असतं.

मग लिहायचं काय? बीजिंग आता मराठी झालं आहे, ते तसंच राहू द्या. माओ त्से तुंग, चौ एन लाय, सन यत सेन, च्यांग काय शेक ही आपली जुनी रूपं बिनधास्त वापरा, कोणी 'जुनाट' म्हटलं तरी. नवं नाव आलं की मात्र रोमन स्पेलिंगवरून अक्षरं जुळवू नका. चिनी बातमीदाराच्या तोंडून ते एकदा ऐका आणि कानाला येईल तसं लिहा, देवनागरीला ते पेलतं.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेले, तेव्हा हाच प्रश्न उलट्या दिशेनं आला होता: 'कोटणीस' चिनीत कसं लिहायचं? त्यांनी आडनावातले दोनच आवाज घेतले आणि पुढे 'ह्वा' जोडला. ह्वा म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हा ह्वा होता. रोमनवरून कोणी 'के दिहुआ' वाचेल, उच्चार आहे 'ख ती-ह्वा'. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच त्यांचं निधन झालं. त्यांची समाधी श-च्या-च्वांग शहरात आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाचं नाव यिन-ह्वा ठेवलं होतं. यिन म्हणजे भारत.