बातमीआधी जमाखर्च पाहा
पत्रकारितेत येऊ पाहणाऱ्या तुम्हाला माझे पहिले सांगणे असे की, ज्या वृत्तसंस्थेत जाल तिचा पैसा कुठून येतो ते आधी विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटले तेव्हा बातम्यांचे वाचक झपाट्याने वाढले; पण बाजार बंद पडल्याने जाहिराती आटल्या, आणि उरलेल्यांपैकी अनेक जाहिरातदारांनी ‘कोरोना’ हा शब्द असलेल्या पानांवर आपली जाहिरात दिसू नये अशी व्यवस्था केली. म्हणजे सर्वाधिक वाचली जाणारी बातमीच कमाईत मागे पडली. ऑस्ट्रेलियात न्यूज कॉर्पने शंभराहून अधिक स्थानिक वृत्तपत्रांची छपाई थांबवली, तर ब्रिटनमधील ‘द गार्डियन’ने जुलै २०२० मध्ये १८० पर्यंत पदे कमी करण्याचा प्रस्ताव मांडला.

आमच्याकडे पहिली कुऱ्हाड पुरवणी विभागावर आणि छायाचित्रकारांवर पडली. मानधनावर लिहिणाऱ्यांना तर कोणी काढलेही नाही. त्यांचे फोन वाजणे तेवढे थांबले.

म्हणून नियुक्तीपत्रातील नोटिशीचा कालावधी आणि सेवासमाप्तीचे कलम सावकाश वाचा, उत्पन्नात वर्गणीचा वाटा किती हे मुलाखतीतच विचारा (प्रश्न आवडला नाही, तर तेही एक उत्तरच समजा), आणि आरोग्य किंवा आकडेवारी असा एखादा विषय असा पक्का करा की रुग्णसंख्येचा तक्ता समोर आला तर त्यातील नवे रुग्ण आणि एकूण रुग्ण यांची गल्लत तुमच्या हातून होणार नाही. केलेल्या कामाच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. संकेतस्थळ बंद झाले की जुन्या बातम्याही त्याच्याबरोबर जातात.