नाटक ‘काढणं’, नाटक ‘बसवणं’ आणि मधला ‘प्रायोगिक’

परभणीहून एका ताईंनी विचारलंय. त्या महाविद्यालयात मराठी शिकवतात. गावातल्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांनी एक लेख लिहिला आणि शीर्षक दिलं, ‘मुंबईची मुख्य धारेची आणि पुण्याची स्वतंत्र रंगभूमी’. एका सहकाऱ्यांनी ‘स्वतंत्र’ खोडून ‘प्रायोगिक’ केलं, दुसऱ्यांनी तेही खोडून ‘समांतर’ केलं. आता ताईंचे प्रश्न दोन: यातला बरोबर शब्द कोणता? आणि त्यांच्या स्वतःच्या मंडळाला यातलं काय म्हणायचं?

ताई, आधी ‘स्वतंत्र’बद्दल. सहकाऱ्यांनी तो खोडला ते बरंच झालं. नाटकाच्या मराठीत ‘स्वतंत्र’ला एक पक्का अर्थ आधीच आहे. ‘स्वतंत्र नाटक’ म्हणजे अनुवादित नाही, रूपांतरित नाही, कुणाच्या कथा-कादंबरीवर बेतलेलं नाही असं नाटक. स्पर्धेत भाग घेताना संहिता स्वतंत्र की रूपांतरित हे सांगावं लागतं, ते याच अर्थानं. निर्मात्याच्या पैशाशिवाय उभं राहिलेलं नाटक ‘स्वतंत्र’ म्हटलं, तर वाचणारा लेखकाकडे बघायला लागतो. ‘मुख्य धारा’ हिंदीतून आली आहे. मराठीत ‘मुख्य प्रवाह’ रुळलेला आहे, तो लिहा. पण नाटकवाले आपसात तोही वापरत नाहीत. ते ‘व्यावसायिक’ म्हणतात. (‘व्यवसायिक’ नव्हे. व्यवहार-व्यावहारिक, समाज-सामाजिक, तसंच व्यवसाय-व्यावसायिक. नाट्यगृहांच्या फलकांवरसुद्धा हा शब्द चुकलेला दिसतो, म्हणून सांगितलं.)

आता ‘प्रायोगिक’. या शब्दापाशी जरा थांबावं लागेल, कारण गोंधळ त्याच्या पोटातच आहे. ‘प्रयोग’ हा शब्द नाटकाच्या घरचा, आणि फार जुना. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त परिव्राजिका (संन्यासिनी) म्हणते, ‘प्रयोगप्रधानं हि नाट्यशास्त्रम्’. नाट्यशास्त्राची परीक्षा बोलण्यात नसते, करून दाखवण्यात असते. तोच अर्थ आपण आजही वापरतो: पहिला प्रयोग, शंभरावा प्रयोग, रविवारी दुपारचा प्रयोग. पुढे विज्ञानाबरोबर दुसरा अर्थ आला, तो प्रयोगशाळेतला, काहीतरी करून पाहण्याचा. ‘प्रायोगिक’ हे विशेषण या दुसऱ्या अर्थावरून घडलं. म्हणून ‘प्रायोगिक नाटकाचा पन्नासावा प्रयोग’ या एका ओळीत एकाच धातूची दोन भावंडं शेजारी बसतात आणि एकमेकांना ओळख देत नाहीत. आणि ज्याचा प्रयोग होत नाही असं नाटक कुठलं?

नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी होतो. आमचं मंडळ स्पर्धेसाठी नाटक घेऊन निघायचं, आणि त्याआधी गावात एक प्रयोग व्हायचा. हँडबिल छापायला टाकलं होतं. कच्चं प्रूफ आलं, गुलाबी कागदावर, शाई अजून बोटाला लागत होती. वर ओळ होती, ‘हौशी कलावंतांचे दोन अंकी नाटक’. आमच्या दिग्दर्शकांनी लाल पेनानं ‘हौशी कलावंतांचे’ यावर आडवी रेघ मारली आणि समासात ‘प्रायोगिक’ लिहिलं. छापखान्यातल्या पोरानं दुरुस्ती वाचली आणि विचारलं, ‘सर, प्रायोगिक म्हंजे? सरकारी योजना हाय का एखादी?’ त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. त्यानं हा शब्द ‘प्रायोगिक तत्त्वावर’ एवढ्याच जोडीत वाचलेला: अमुक तालुक्यात ठिबक सिंचन प्रायोगिक तत्त्वावर, तमुक गावात योजना प्रायोगिक तत्त्वावर. त्याच्या मराठीत तो बरोबर होता. चूक त्या लाल रेघेची होती. त्या रेघेचं मला अजून वाईट वाटतं, कारण प्रूफ धरून उभा होतो मीच आणि काही बोललो नाही.

‘व्यावसायिक’च्या विरुद्ध ‘प्रायोगिक’ ही जोडी बसलीच कशी? मला वाटतं, तिच्यात दादरचा भूगोल मोठा आहे. मुंबईत 1960 साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे यांनी ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था सुरू केली. पुढे 1971 मध्ये ‘आविष्कार’ आली आणि छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटकं होऊ लागली. दादर पश्चिमेला स्टेशनवरून निघालं की चालत थोड्याच अंतरावर छबिलदास, आणि तसंच थोड्या अंतरावर शिवाजी मंदिर. एकीकडे शाळेचा हॉल, तर दुसरीकडे व्यावसायिक नाटकाची पंढरी. प्रेक्षक स्टेशनातून बाहेर पडून उजवी-डावी करणार. अशा ठिकाणी दोन शब्द समोरासमोर उभे राहणारच. त्यातही गंमत बघा, लोकांनी ‘प्रायोगिक’ हा शब्द बाजूला ठेवून जागेचंच नाव वापरलं: ‘छबिलदासचं नाटक’, ‘छबिलदास चळवळ’. शाळेचं नाव नाट्यप्रकाराचं नाव झालं.

पुण्यात चित्र निराळं. तिथं बालगंधर्व रंगमंदिरात लागणाऱ्या व्यावसायिक नाटकांतली बरीचशी मुंबईहून येतात. शनिवार-रविवार प्रयोग लावतात आणि बस घेऊन परत जातात. पुण्याचं स्वतःचं नाटक वाढलं ते भरत नाट्य मंदिराच्या, स्पर्धांच्या आणि महाविद्यालयांच्या अंगानं. 1963 पासूनचा पुरुषोत्तम करंडक, म्हणजे महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा, आहेच. पुढे सुदर्शन रंगमंचासारखी छोटी जागा मिळाली. आणि ही नाटकं करणारी माणसं कोण? ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शक जब्बार पटेल डॉक्टर, त्यात नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांचा ‘व्यवसाय’ वेगळाच होता! मग पुणेकरांनी ‘व्यावसायिक’ हा शब्द आपल्यासाठी कसा वापरावा? श्रीराम लागूही कान-नाक-घशाचे डॉक्टर. 1969 मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा त्यांच्यापुरता त्या शब्दाचा अर्थ बदलला.

इथे मराठीची एक अडचण कबूल करायला हवी. पोटासाठी करणारा आणि कामात मुरलेला, या दोन वेगळ्या गोष्टींना आपल्याकडे ‘व्यावसायिक’ हा एकच शब्द आहे. पूर्वी पहिल्या अर्थाला ‘धंदेवाईक’ होता: धंदेवाईक नाटक मंडळी, धंदेवाईक नट. तेव्हा त्यात शिवी नव्हती. पुढे ‘धंदा’ शब्दच घसरला आणि दोन्ही ओझी ‘व्यावसायिक’वर आली. म्हणून ‘हे नाटक व्यावसायिक आहे’ हे एकाच्या तोंडी कौतुक असतं आणि दुसऱ्याच्या तोंडी नाक मुरडणं.

‘समांतर’ मला मान्य नाही. समांतर रेषा एकमेकींना कधी मिळत नाहीत, आणि मराठी नाटकातली माणसं सतत या घरातून त्या घरात जातात. विजया मेहतांनी दोन्हीकडे दिग्दर्शन केलं. आपल्या औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी मुंबईला गेले आणि 1991 मध्ये ‘चारचौघी’ व्यावसायिक रंगभूमीवर आलं. अशा वाटांना समांतर कसं म्हणायचं?

मला विचाराल तर विशेषणं सोडा, क्रियापदं ऐका. मराठी तिथं खरं बोलते. निर्माता नाटक ‘काढतो’. दिग्दर्शक नाटक ‘बसवतो’. नट नाटक ‘करतो’, आणि पैसे घेत असेल तर ‘नाईट’, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, घेतो. मग ते नाटक ‘चालतं’ किंवा ‘पडतं’. मुंबईच्या कट्ट्यावर कान दिलात तर प्रश्न ऐकू येतो, ‘चाललंय का?’ पुण्यात प्रश्न असतो, ‘कुणी बसवलंय?’ दोन शहरांची वर्षानुवर्षांची चुरस या दोन क्रियापदांत मावते. आणि आपल्याकडे मराठवाड्यात? एकनाथ रंगमंदिराच्या पायऱ्यांवर असो की परभणी-नांदेडच्या एखाद्या शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला सरकवून तालीम चाललेली असते, आणि विचारलं की उत्तर एकच: ‘नाटक बसवायलोत.’ कसलं, ते कुणी सांगत नाही. सांगायची गरज नसते, कारण समोरासमोर उभी दोन नाट्यगृहं आपल्याकडे नाहीत. संभाजीनगरला त्याच एकनाथला आणि त्याच तापडिया नाट्यमंदिराला मुंबईचं नाटकही लागतं आणि स्पर्धेचंही होतं. दादरची जोडी इथं आणली की ती पोरकी होते.

त्यात आपल्या मातीतली नाटकं त्या जोडीत बसतच नाहीत. लक्ष्मण देशपांडे मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात प्राध्यापक. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटा माणूस पन्नासहून अधिक पात्रं उभी करतो, भाषा आपली गावाकडची, आणि तिकिटं लावून प्रयोगांवर प्रयोग. घाट, म्हणजे नाटकाची घडण, बघाल तर प्रायोगिक, गल्ला बघाल तर व्यावसायिक, पोटाचा उद्योग बघाल तर हौशी. लोकांनी तिन्ही शब्द सोडले आणि ‘एकपात्री’ म्हटलं. किंवा नांदेडचे दत्ता भगत. त्यांच्या ‘वाटा पळवाटा’ला आपण दलित रंगभूमीचं नाटक म्हणतो. हा शब्द पैसा कुणाचा हे विचारत नाही, घाट नवा की जुना हेही नाही. हे जगणं कुणाचं, एवढंच विचारतो. नाव ठेवताना इतका नेमका प्रश्न फार थोड्या शब्दांनी विचारलाय.

राहिला ‘हौशी’, लाल रेघेखाली गेलेला. मूळ अरबी ‘हवस’, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. माझे आजोबा निजामाच्या अमलात उर्दूतून शिकले. ते सांगायचे, उर्दूत ‘हवस’ म्हटलं की हाव, वासना, माणसाला खाली ओढणारी गोष्ट. तोच शब्द मराठीत आला आणि ‘हौस’ झाला: बाळाचं बारसं हौसेनं, अंगणात जाई हौसेनं, हौसेला मोल नाही. परका शब्द घेऊन त्याला इतकं निर्मळ करून टाकणं, हे आपल्या भाषेचं मोठं काम आहे. आणि सरकारी स्पर्धेचं नावच बघा, ‘महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा’. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मुंबईच्या रंगायननं 1967 मध्ये केलं ते या राज्य स्पर्धेसाठी. ‘घाशीराम कोतवाल’ पुण्याच्या पीडीएनं (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) 16 डिसेंबर 1972 ला पहिल्यांदा केलं तेही राज्य स्पर्धेत. ते नाटक थांबवलं गेलं, तेव्हा त्यातली मंडळी बाहेर पडली आणि 1973 मध्ये थिएटर अकादमी उभी राहिली. ज्या दोन नाटकांसाठी ही दोन शहरं आपापलं ‘प्रायोगिक’ मिरवतात, ती दोन्ही जन्मली हौशी म्हणून. प्रायोगिक ती होतीच. पण ‘हौशी’ हे उत्तर आहे ‘कोण करतंय, कशासाठी?’ या प्रश्नाचं, आणि ‘प्रायोगिक’ हे ‘काय करून बघतंय?’ याचं. एकाच्या जागी दुसरं ठेवलं की दोन्ही खोटे पडतात. तुमच्या मंडळानं सरळ तीन अंकी कौटुंबिक नाटक बसवलं असेल, तर ते हौशी आहे आणि प्रायोगिक नाही. उद्या घाट मोडून काही नवं केलंत, तर ते हौशीही असेल आणि प्रायोगिकही.

तेव्हा ताई, लेखाचं शीर्षक ‘मुंबईचं व्यावसायिक आणि पुण्याचं प्रायोगिक नाटक’ असं करा. मात्र पहिल्याच परिच्छेदात छबिलदास मुंबईतच होतं, हे लिहा. नाहीतर दादरवर अन्याय होईल. आणि स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर मंडळाच्या नावाखाली ‘हौशी नाट्यमंडळ, परभणी’ असं येऊ द्या, नावाइतक्याच मोठ्या टायपात. प्रूफ आलं की ती ओळ आधी तपासा.