आयात फळं बंदरावर खरंच तपासतात का?

तुमचा प्रश्न असा: ‘परदेशी फळं बंदरावर किडीसाठी खरंच तपासतात, की शिक्के मारून सोडून देतात? आणलेल्या कीवीवर पांढुरके ठिपके दिसले, खायची का?’

‘शिक्के मारून’ वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. हेच वाक्य मी मेव्हण्याच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतोय. त्याचा वाशी मार्केटात फळांचा गाळा आहे, मी न्हावा शेवा बंदरात एका सीएचएकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एजंटाकडे, फील्डवर.

तपासतात. प्रत्येक पेटी नाही, ते शक्यच नाही. सॅम्पल काढतात. पण सॅम्पल कुठून काढलं यावर सगळं असतं.

नोव्हेंबर 2021. इराणच्या कीवीचा रीफर, म्हणजे थंड कंटेनर. निम्मा माल मेव्हण्यानं आधीच बोलून ठेवलेला. दार उघडलं, थंड वाफ अंगावर आली, हमालांनी सवयीनं दारातल्या चार पेट्या खाली घेतल्या. पीक्यूच्या, म्हणजे प्लांट क्वारंटाइन या झाडापिकांवरची कीड तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या, मॅडम म्हणाल्या, “या नकोत, आतल्या काढा.” हमाल कुरकुरले, मीही मनात कुरकुरलो. मॅडमनी एकेक फळ भिंगाखाली फिरवलं. कीवीची लव तपकिरी, तिच्यात कोंड्यासारखा एक फिकट ठिपका. मी म्हटलं, धूळ असेल मॅडम. त्या काही बोलल्या नाहीत. सुईच्या टोकानं ठिपक्याचं झाकण उचललं, भिंग माझ्या हातात दिलं. खाली पिवळा दाणा: खवले कीड, अशा झाकणाखाली दडून बसणारी. सुई टोचली तर त्यातून पाणी आलं. म्हणजे जिवंत. मेलेली खवले कीड कोरडी निघते. मग आणखी फळं पाहिली, आणखी सापडली.

पार्टी, म्हणजे माल मागवणारा व्यापारी, मला फोनवर तासभर शिव्या देत होती, जसे ते किडे मीच चिकटवले होते. मेव्हण्याचा फोन त्यानंतर. “दाजी, काहीतरी द्यायचं होतं ना हातावर!” माल परत गेला. पुढच्याच महिन्यात इराणच्या सगळ्या कीवीची आयात थांबवली, कारण हीच कीड. म्हणजे आमचाच कंटेनर नशिबाचा फुटका नव्हता. पण मेव्हण्याच्या हिशेबात तो माल अजून माझ्या नावावर मांडलेला आहे.

खरी गंमत पुढे आहे. हा मेव्हणा वाशीला आला कशामुळे? सासऱ्यांची इंदापूर तालुक्यात दोन एकर पपई होती. मूळची मेक्सिकोकडची पपईवरची पिठ्या ढेकूण 2008 ला कोइमतूरला सापडली आणि 2010 पर्यंत पुणे जिल्ह्यात पोचली. फळांना कापूस चिकटावा तशी लागली. फवारे मारून सासरे थकले, औषध त्या मेणचट कापसाच्या आत जाईना. शेवटी सरकारनं प्वेर्तो रिकोहून डोळ्यांना जेमतेम दिसणारी, ढेकणाच्या अंगात अंडी घालून त्याला मारणारी परोपजीवी गांधीलमाशी आणवली, तीही क्वारंटाइनमध्ये पारखून मगच सोडली. सासऱ्यांची बाग तोवर उपटून झाली होती, म्हणून मेव्हण्यानं वाशी गाठली. आणि हाच गडी मला म्हणतो, “दोन किड्यांनी काय होतं?” वर म्हणतो, “ती कीड बंदरातून आली हे दाखव.” अरे, मेक्सिकोहून काय एसटीनं आली?

तुमच्या ठिपक्यांचं: नखानं खरवडून बघा. झाकणासारखा निघाला तर खवले कीड असणार. माणसाला तिचा काही उपद्रव नाही, साल काढा आणि खुशाल खा. बंदरावरची तपासणी तुमच्या पोटासाठी नसते, बागांसाठी असते. पोटाचं खातं वेगळं, ते एफएसएसएआय, म्हणजे सरकारचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, बघतं.

हेही खरं की सगळेच त्या मॅडमसारखे नसतात. दारातल्या चार पेट्या बघून सही करणारेही पाहिलेत मी. कधी नुसत्या एका चुकीच्या कागदापायी माल अडकतो, रीफर थंड ठेवायच्या विजेचं, प्लग-इनचं मीटर पळत राहतं आणि तो खर्च शेवटी तुमच्याच किलोमागे लागतो. मेव्हण्याच्या रागातला तेवढा भाग मला मान्य.

साली मात्र झाडांच्या बुडाशी टाकू नका, ओल्या कचऱ्यात बांधून द्या. मेव्हण्याच्या गाळ्यातला नासका माल, परदेशी धरून, आजही टेम्पोनं गावच्या उकिरड्यावर जातो. तो उकिरडा सासऱ्यांच्या बांधाला लागून आहे.