शस्त्रसंधी, युद्धविराम की युद्धबंदी?

एका ताईंनी विचारलंय की त्यांचा सातवीतला मुलगा बातम्या बघताना म्हणाला, "आई, संधी म्हणजे चान्स ना, मग शस्त्रसंधी म्हणजे हत्यार चालवायचा चान्स का?" त्यांना पटकन सांगता आलं नाही, आणि पुढच्या चॅनलवर त्याच बातमीला युद्धविराम म्हणत होते, पेपरात युद्धबंदी छापलं होतं, तर हे तिन्ही एकच का आणि बरोबर कुठला?

आधी मुलाचं बघू, कारण त्याची शंका अगदी रास्त आहे. रोजच्या मराठीत संधी म्हणजे चान्सच, "संधी सोडू नकोस" हेच तो दिवसभर ऐकतो. पण मूळ अर्थ जोडणं, सांधणं. घरात आजीला संधिवात असेल तर त्याला विचारा तो कुठे होतो, सांध्यात होतो. दिवस आणि रात्र जिथे जुळतात तो संधिप्रकाश, आणि आता तो शाळेत संस्कृतचे संधी सोडवायला शिकेल तेही दोन वर्ण जुळणंच. दोन राजांनी जुळवून घेणं हाही संधीच, कौटिल्याने राजाच्या वागण्याचे जे सहा प्रकार सांगितलेत त्यात पहिला संधी आणि दुसरा विग्रह, म्हणजे भांडण. तर शस्त्रसंधी म्हणजे शस्त्रं न चालवण्याबद्दल दोघांनी जुळवून घेणं.

आता तिन्ही एकच का. बोलताना आपण एकच धरतो पण मला वाटतं धरू नये, कारण यात खरंतर तीन वेगळ्या पायऱ्या आहेत: गोळीबार थांबणं, युद्ध थांबणं आणि भांडण मिटणं. भारत-पाकिस्तान संघर्षातलं १० मे २०२५ चंच घ्या. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी संध्याकाळी जे निवेदन केलं त्यात सीझफायर हा शब्दच नव्हता, दोन्हीकडच्या डीजीएमओंचं, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांचं, बोलणं झालं आणि पाच वाजल्यापासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवायची ठरली, एवढंच. दोन दिवसांनी पंतप्रधानांनी भाषणात कारवाई फक्त स्थगित केलीय असं म्हटलं. सरकार इतकं मोजूनमापून बोलत होतं आणि आपल्या बातम्यांच्या पट्ट्यांवर मात्र जो शब्द हाताला लागेल तो.

युद्धविराम हा हिंदी बातम्यांमधून जास्त आला, पण विराम आपलाही आहे, स्वल्पविराम पूर्णविराम आपण लहानपणापासून देतो, त्यामुळे तो परका आहे म्हणून माझी तक्रार नाही. अडचण वेगळी आहे, त्यात युद्ध गृहीत धरलंय. नोव्हेंबर २००३ मध्ये नियंत्रण रेषेवर गोळीबार थांबला, फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांनी ते पुन्हा पाळायचं ठरवलं, तेव्हा युद्ध कुठे चालू होतं? रोजचा गोळीबार चालू होता. तिथे शस्त्रसंधीच चपखल बसतो, आणि "शस्त्रसंधीचं उल्लंघन" हेही त्यामुळेच बरोबर वाटतं.

युद्ध पुढे ढकललंय, संपलेलं नाही, यासाठी जुन्या लिखाणात युद्धतहकुबी असा सुंदर शब्द सापडतो. सभा तहकूब होते, विधानसभेचं कामकाज तहकूब होतं, म्हणजे पुन्हा बसणार आहेत हे त्या शब्दातच आलं. कोरियन युद्धात २७ जुलै १९५३ ला लढाई थांबली ती नेमकी अशीच, शांतता करार आजपर्यंत झालेला नाही. हा शब्द परत वापरात यावा असं मला मनापासून वाटतं.

आणि शेवटी तह. पुरंदरचा, सालबाईचा, वसईचा, आणि पाठ्यपुस्तकातला व्हर्सायचा. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहिल्या महायुद्धातल्या तोफा थांबल्या, व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला, मधले सात महिने वाटाघाटीचे. १९६५ चंही तसंच, सप्टेंबरमध्ये गोळीबार थांबला आणि ताश्कंदला सह्या १० जानेवारी १९६६ ला. त्याला आपण तह न म्हणता करार म्हणतो, बहुतेक पुरंदरला २३ किल्ले दिले तेव्हापासून तह म्हटलं की काहीतरी द्यावं लागलं असाच वास येतो, "युद्धात जिंकले, तहात हरले" ही म्हणही त्यातलीच.

आमची आजी साताऱ्याकडची, तिच्याकडे यातला एकही शब्द नव्हता तरी फरक पक्का होता. १९७१ ला तिचा भाऊ पश्चिम सीमेवर होता. १७ डिसेंबरला रात्री आठपासून तिकडची लढाई थांबली, शेजारच्या रेडिओवर ऐकून लोक साखर वाटायला लागले तर ही म्हणाली "थांबलीय, मिटली नाही अजून" आणि भाऊ घरी येऊन ओट्यावर बसून बूट काढेपर्यंत तिने ती साखर तोंडात घातली नाही.

राहिला युद्धबंदी, तो मी सीझफायरसाठी वापरत नाही. बंदी म्हणजे थांबवणं, दारूबंदी, नोटबंदी, तसा तो चूक नाही, पण बंदी म्हणजे कैदीही. त्याच १९७१ च्या डिसेंबरात युद्धबंदी झाली आणि सुमारे ९३ हजार युद्धबंदी हाती आले, आता हे वाक्य वाचून सातवीतल्या मुलाने काय समजायचं? कोरियात तर आणखी गुंता, तिथे लढाई थांबल्यावर मायदेशी परत जायला तयार नसलेले २२ हजारांहून जास्त कैदी सांभाळायला भारताची तुकडी गेली होती, तिचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. त्यांचं काम मराठीत लिहायला गेलं तर "युद्धबंदीनंतर युद्धबंदींची देखभाल" असं होतं. म्हणून माणसांसाठी सरळ युद्धकैदी लिहावं आणि गोळीबार थांबला असेल तर शस्त्रसंधी. मुलाला मात्र आधी संधिवातच सांगा, तो विसरणार नाही.