'विश्वासूपणा', 'उपकारस्तुती' आणि शब्दाला जागणारा देव

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मंडळीला (चर्चला) यंदा 50 वर्षं पूर्ण होत आहेत. पत्रिकेच्या मसुद्यात आम्ही 'देवाच्या विश्वासूपणाबद्दल आभारप्रदर्शन' असं लिहिलं होतं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की विश्वासू नोकर असतो, देव नव्हे; आणि आभारप्रदर्शन कार्यक्रमाच्या शेवटी करतात. दुसऱ्या कुणी 'एकनिष्ठा' सुचवलं. बरोबर काय?"

ज्येष्ठांच्या कानाला जे खटकलं ते खटकण्यासारखंच आहे. 'विश्वासू' म्हटलं की मराठीत पाठोपाठ नोकर, मुनीम, गडी, सहकारी असे शब्द येतात. ज्याच्या हाती किल्ल्या देऊन निर्धास्त राहावं तो विश्वासू. किल्ल्या देणारा वरच्या पायरीवर आणि विश्वासू माणूस खालच्या, अशी उतरंड त्या शब्दात मुरलेली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात 25व्या अध्यायात धनी शाबासकी देतो ती 'भल्या व विश्वासू दासा' अशी, आणि तिथे तो शब्द चपखल बसतो. प्रेषित पौल करिंथकरांस पहिलं पत्र लिहितो तेव्हा मात्र मराठीत 'देव विश्वसनीय आहे' असं येतं. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे, पिस्तोस. मराठी करणाऱ्यांनी दासाला एक आणि देवाला दुसरा शब्द दिला, तो मराठी कान जपूनच दिला असावा असं मला वाटतं.

म्हणून 'विश्वासूपणा' चूक ठरतो का? मुळीच नाही. प्रार्थनेत, साक्षीत, गीतांत तो इतका रुळला आहे की मंडळीतल्या कुणालाही त्यात उणेपणा जाणवत नाही. शिवाय शब्दाच्या मुळाशी गेलं तर तो देवाला शोभतो असंच म्हणावं लागेल. 'विश्वास'मध्ये 'श्वास' आहे. संस्कृतातल्या 'वि' आणि 'श्वस्' पासून तो झाला. मोकळा श्वास घेणं, निर्भय असणं हा त्याचा जुना अर्थ. ज्याच्या सान्निध्यात छाती मोकळी होते तो विश्वासू. हे देवाबद्दल म्हणायला काय हरकत आहे?

'एकनिष्ठा' मात्र नको. निष्ठा मराठीत खालून वर जाते: स्वामिनिष्ठा, राजनिष्ठा, पक्षनिष्ठा. भक्त देवाशी एकनिष्ठ असतो. 'देवाची निष्ठा' असं छापलंत तर निम्मे वाचक ते 'देवावरची निष्ठा' असं वाचतील, आणि कार्यक्रम देवाच्या गुणगानाचा की भक्तांच्या, हेच कळेनासं होईल. 'देवाचा विश्वास' या शब्दप्रयोगातही हाच घोटाळा आहे. ज्याचा विश्वास तो देव, की ज्याच्यावर विश्वास तो देव? रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ग्रीक शब्दशः 'देवाचा विश्वास' असाच आहे, आणि तिथे अर्थ घ्यायचा तो देवाच्या विश्वसनीयतेचा.

आता इब्री, म्हणजे जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतल्या, शब्दाकडे यायला हवं, कारण वर्धापनदिनाला आपण जे म्हणतो ते बहुतेक स्तोत्रांतून आणि विलापगीतातून उचललेलं असतं. तिथला शब्द 'एमुना'. त्याचा धातू 'आमान', म्हणजे पक्कं असणं, आधार देऊन टिकून राहणं. 'आमेन' याच धातूतला. निर्गम या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात शत्रू अमालेकाशी लढाई चालली असता मोशेचे हात थकून खाली येऊ लागतात. अहरोन आणि हूर दोन बाजूंनी ते धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. 'स्थिर' या जागी मूळात 'एमुना' आहे. माझ्या मते देवाच्या विश्वासूपणाचा अर्थ समजायला याहून चांगली जागा नाही. एमुना हा मनातला गोड भाव नाही. संध्याकाळपर्यंत न ढळणारा हात आहे.

मराठी पवित्र शास्त्रात याच शब्दासाठी बऱ्याच ठिकाणी 'सत्य' किंवा 'सत्यता' भेटते, आणि आजच्या वाचकाला ते कोड्यासारखं वाटतं. सत्य म्हणजे खरं, मग ते विश्वासूपणा कसं? पण आपल्याकडे 'सत्य' शब्दाला दिलेला शब्द पाळण्याचा अर्थ फार जुना आहे. हरिश्चंद्र सत्यवचनी ठरला तो स्वप्नात दिलेलं वचनही पाळलं म्हणून. त्या अर्थाने 'देवाची सत्यता पिढ्यानपिढ्या टिकते' हे अगदी अस्सल मराठी आहे. फक्त तो अर्थ आता बोलण्यातून मागे पडला आहे, त्यामुळे पत्रिकेत नुसतं 'देवाच्या सत्यतेबद्दल' लिहिलं तर वाचणारा अडखळेल.

जाता जाता 'इमान'बद्दल. तो अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला, आणि अरबी व इब्री या बहिणी असल्यामुळे 'इमान' आणि 'एमुना' एकाच धातूकुळातले आहेत. ठेव म्हणून दिलेल्या रकमेला आपण 'अनामत' म्हणतो, ती मूळची 'अमानत', तीही याच घरातली. म्हणजे निवडणुकीतली अनामत रक्कम आणि प्रार्थनेअखेरचं आमेन हे दूरचे नातेवाईक. तरी देवाला 'इमानी' म्हणू नये. त्या विशेषणालाही चाकरीचा वास आहे.

माझी खरी सूचना वेगळी आहे. नाम शोधण्यापेक्षा क्रियापद घ्या. मराठीत 'शब्दाला जागणे', 'वचनाला जागणे' असा अप्रतिम वाक्प्रचार आहे. 'देव आपल्या वचनाला जागला' म्हटलं की ज्येष्ठांची हरकत आपोआप गळून पडते, कारण शब्द देणाराच इथे वरच्या पायरीवर असतो. 'खाल्ल्या मिठाला जागणे' यात चाकर आहे हे खरं, पण शब्दाला राजाही जागतो.

आणि हे निव्वळ मराठी सोयीसाठी मी सांगत नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव त्याला विचारतो, तुला काय दिसतं? तो म्हणतो, बदामाच्या झाडाची फांदी. इब्रीत बदाम म्हणजे 'शाकेद'. त्यावर देव म्हणतो की माझं वचन पुरं करण्याविषयी मी जागृत आहे, आणि 'जागृत' या जागी शब्द आहे 'शोकेद'. त्या प्रदेशात हिवाळा सरत आला की सगळ्यांआधी बदाम फुलतो. इतर झाडं निजलेली असताना तो जागा झालेला असतो. देव आपल्या वचनावर जागा आहे, ही यिर्मयाची प्रतिमा आणि 'वचनाला जागणे' हा आपला वाक्प्रचार कुणी कुणाकडून घेतलेला नाही, तरी दोन्ही एका जागी येऊन भेटतात. मला याचा मनापासून आनंद होतो. 121व्या स्तोत्रातला इस्राएलाचा रक्षकही झोप घेत नाही, डुलकी घेत नाही.

या क्रियापदाचा आणखी एक गुण आहे. 'विश्वासूपणा' हे नाम एकटं उभं राहू शकतं, पण 'जागला' म्हटलं की कशाला, हे सांगावंच लागतं. मग वक्त्याला, अहवाल लिहिणाऱ्याला आणि पत्रिका काढणाऱ्याला विचार करावा लागतो की देवाने कोणतं वचन दिलं होतं. भरभराटीचं? मोठ्या इमारतीचं? 'तुझी सत्यता मोठी आहे' या अर्थाचे शब्द विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात आहेत, आणि ते पुस्तक यरुशलेम बाबेलच्या हाती पडून मंदिर जळाल्यानंतरच्या शोकाचं आहे. पाच अध्यायांच्या आक्रोशाच्या मधोमध कवी म्हणतो की देवाची करुणा संपलेली नाही, ती रोज सकाळी नवी असते. म्हणून वर्धापनदिनाला देवाचा विश्वासूपणा आठवणं म्हणजे सगळं छान झालं असं म्हणणं नव्हे. 50 वर्षांत मंडळीने माणसं पुरली असतील, भांडणं पाहिली असतील, पाळकाविना दिवस काढले असतील. 'मी तुमच्याबरोबर आहे' हे वचन त्या दिवसांतही पाळलं गेलं, एवढाच या शब्दाचा दावा आहे, आणि तो फार मोठा दावा आहे.

दुसरा भाग आभाराचा. सभेचं 'आभारप्रदर्शन' माणसांसाठी असतं: पाहुणे, गायकवृंद, स्वयंपाक सांभाळणारे, वर्गणी देणारे. ते जरूर करा, शेवटीच करा, आणि ते करताना लोक उठू लागणार नाहीत हेही पाहा. देवासाठी मराठी ख्रिस्ती माणसाकडे याहून फार सुंदर शब्द तयार आहे: उपकारस्तुती. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं वाक्य मराठी मंडळ्यांत पाठ असतं. मंडळीबाहेरच्या मराठी माणसाला हा शब्द बहुधा ठाऊक नसतो, पण ऐकताक्षणी कळतो, आणि चांगल्या जोडशब्दाकडून आणखी काय हवं?

'आभार'मध्ये भार आहे. आभार मानले की तो थोडा हलका होतो, व्यवहार बरोबरीत आल्यासारखा वाटतो. 'उपकार'चं रोजच्या बोलण्यात वाईट झालं आहे. 'उपकार केल्यासारखं करू नकोस' असं आपण चिडून म्हणतो, उपकाराचं ओझं होतं, ते फेडावंसं वाटतं. 116व्या स्तोत्राचा कवी नेमका याच अडचणीत आहे: परमेश्वराचे एवढे उपकार, त्यांची फेड कशाने करू? त्याचं उत्तर फार विलक्षण आहे. तो म्हणतो, मी तारणाचा प्याला हाती घेईन आणि परमेश्वराच्या नावाचा धावा करीन. फेड म्हणून काय द्यायचं, तर आणखी घ्यायचं, आणि ते लोकांदेखत घ्यायचं. तुकोबाही संतांचे उपकार सांगताना उतराई कसं व्हावं असंच विचारतात आणि पायी जीव ठेवला तरी तो थोडाच म्हणतात. जिथे उतराई होणं शक्य नाही तिथे 'आभार' तोकडा पडतो. 'उपकारस्तुती'त फेडीची भाषाच नाही: आधी उपकार, मग लगेच स्तुती.

'कृतज्ञता' हाही उत्तम शब्द. कृत म्हणजे केलेलं, ते जाणतो तो कृतज्ञ. काय केलं हे नेमकं ठाऊक असल्याशिवाय कृतज्ञ होता येत नाही, हा त्यातला आग्रह मला आवडतो. 136व्या स्तोत्राच्या 26 ओव्यांत प्रत्येकीचा शेवट 'त्याची दया सनातन आहे' असा होतो, पण बहुतेकींच्या आरंभी देवाची एखादी वेगळी कृती येते: आकाश केलं, समुद्र दुभंगला, रानातून नेलं, सीहोन आणि ओग या राजांची तर नावंच घेतली आहेत. म्हणून उपासनेत मंडळीचा इतिहास वाचला जातो तेव्हा तो कंटाळवाणा भाग समजून आटोपू नये. माझ्या दृष्टीने तो उपकारस्तुतीचा गाभा आहे.

'धन्यवाद'बद्दल एकच सांगतो. स्तोत्रांच्या मराठीत 'परमेश्वराचा धन्यवाद कर' येतं तिथे अर्थ थँक्यूचा नाही. देवाला धन्य म्हण, त्याची थोरवी गा, असा आहे. पत्रिकेत 'देवाला धन्यवाद' लिहिलं की तो अर्थ हरवतो. 'देवाचा धन्यवाद' लिहिलं तर राहतो.

सुवर्णमहोत्सव हा शब्द तुम्ही वापरालच. इंग्रजीतून आलेला 'ज्युबिली' मुळात इब्री 'योबेल', म्हणजे एडक्याचं शिंग. लेवीय या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात 50वं वर्ष ते शिंग फुंकून सुरू होतं, गुलाम सुटतात, गेलेल्या जमिनी परत मिळतात. रौप्य आणि हीरक नंतर जोडले गेले. 50चा आकडा मात्र थेट शास्त्रातला आहे. तेव्हा या वर्षी कुणाचं कर्ज माफ करता आलं तर तो महोत्सव नावाला जागेल.

'येथवर' हा शब्दही सोडू नका. शमुवेल संदेष्टा धोंडा उभा करून त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असं नाव देतो तेव्हा तो म्हणतो की येथवर परमेश्वराने साहाय्य केलं. इब्रीप्रमाणे मराठी 'येथवर'मध्येही जागा आणि काळ दोन्ही मावतात. 'आजवर'मध्ये फक्त काळ आहे.

मसुदा असा करता येईल: "आमच्या मंडळीला 50 वर्षे पूर्ण होत आहेत. या सर्व काळात देव दिलेल्या वचनाला जागला आणि येथवर त्याने आम्हांला साहाय्य केले. त्याच्या उपकारस्तुतीसाठी होणाऱ्या उपासनेस आपण सहकुटुंब यावे." इथे 'आपल्या वचनाला' असं मी मुद्दाम टाळलं आहे, पत्रिकेत 'आपण' वाचकासाठी येतं, म्हणून 'आपल्या' म्हणजे देवाच्या की वाचकाच्या, असा घोळ होतो. हीच पत्रिका मंडळीच्याच सभासदांना जाणार असेल तर 'आमच्या' आणि 'आम्हांला' बदलून 'आपल्या' आणि 'आपल्याला' करा, नाहीतर त्यांना परकं केल्यासारखं होईल. प्रार्थनेत मात्र 'आम्ही'च हवं, कारण तिथे ऐकणारा देव आहे आणि तो त्या 'आम्ही'त येत नाही: 'प्रभू, तू वचनाला जागलास, आम्ही तुझी उपकारस्तुती करतो.' क्रियापद एकवचनीच ठेवा. पाळकसाहेब 'आले', देव 'आला', हा मराठीचा जुना, जिव्हाळ्याचा रिवाज आहे.