रत्नागिरीत राहून आपत्कालीन कॉल घेण्याच्या भरती परीक्षेची तयारी कशी करावी?

रोज अर्धा तास फक्त ‘ऐकत ऐकत टाइप करणे’ याचा सराव करा. सामान्यज्ञानाची गाइडं नंतर. मी कंट्रोल रूममध्ये कॉल घेतलेत. नवीन माणूस इथेच अडकतो: कानावर पत्ता पडत असतो, बोटं मागे राहतात आणि फोन नंबरातले दोन आकडे उलटे होतात. घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या खोलीतून घाईघाईत, संगमेश्वरी नाहीतर मालवणीत, अपघात सांगायला लावा. परत विचारायची मुभा एकदाच. मग तीन ओळींत लिहा: कुठे, काय, किती जण.

‘कुठे’ सगळ्यात आधी, कारण फोन मधेच तुटला तरी गाडी रवाना करता येते. आणि कोकणात हेच अवघड! भंडारवाडी, देऊळवाडी गावोगाव सापडतात. म्हणून तालुका, गाव, वाडी याच क्रमाने विचारायची सवय लावा. महामार्ग ६६ वरचे कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट कुठे येतात, पावसात वाशिष्ठी चिपळूणला आणि जगबुडी खेडला कशी वेढते, हे नकाशा न बघता सांगता आलं पाहिजे. नंबर एका संध्याकाळी पाठ होतात:

- ११२ पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय मदत
- १०८ रुग्णवाहिका
- १०७७ जिल्हा आपत्ती कक्ष
- १०९३ सागरी पोलीस
- १५५४ तटरक्षक दल

मात्र जाहिरातीत फक्त लेखी परीक्षा असेल, टायपिंग चाचणी नसेल, तर आधी गणित-बुद्धिमत्ता उरका आणि हा सराव मुलाखतीच्या आधी करा.